हिवाळी टायर: नक्षीपासून चाचणीपर्यंत

मोटारींच्या पहिल्या काही दशकांत थंड देशांतल्या बहुतेक खासगी गाड्या पहिले हिम पडले की थेट वसंतापर्यंत झाकून ठेवल्या जात. ज्यांना गाडी बाहेर काढणे भागच होते, ते चाकांना दोर गुंडाळत. १९०४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी टायरवर चढवायच्या साखळीचे पेटंट घेतले आणि पुढची तीस वर्षे बर्फावरचा उपाय म्हणजे साखळी असेच समीकरण राहिले. साखळीने पकड येते यात शंका नाही. पण ती चढवायची तर कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर गुडघे टेकून बसावे लागते, वेग कमी ठेवावा लागतो आणि मोकळा रस्ता लागला की ती पुन्हा उतरवावी लागते. दिवसातून चार वेळा रस्ता बदलणाऱ्या मालवाहतुकीला हे परवडणारे नव्हते.

म्हणूनच हिवाळी टायर आधी ट्रकसाठी जन्मला. रबरी बूट करणाऱ्या एका फिनिश कंपनीने, म्हणजे आजच्या नोकियन टायर्सने, १९३४ मध्ये ‘केलिरेंगास’ नावाचा टायर बाजारात आणला. जगातला पहिला हिवाळी टायर म्हणून त्याचीच नोंद होते. चालण्याच्या दिशेला आडवे जाणारे जाड, खोल ठोकळे ही त्याची खूण. चाक फिरले की हे ठोकळे हिमात रुतत आणि गाडी पुढे ओढत. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, मोटारींसाठी ‘लुमी-हाक्कापेलिट्टा’ आला. तीस वर्षांच्या युद्धात लढलेल्या फिनिश घोडदळावरून ठेवलेले हे नाव आजही त्या कंपनीच्या टायरवर आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच कल्पना इतरत्र पसरली. जर्मनीत कॉन्टिनेंटलने १९५२ मध्ये आपला हिवाळी टायर आणला, अमेरिकेत गुडइयरचा ‘सबर्बनाइट’ लोकप्रिय झाला. या टायरांच्या बाजूवर ‘एम+एस’ अशी अक्षरे छापली जात. अर्थ चिखल आणि हिम. त्या काळातली खरेदी डोळ्यांनीच व्हायची. ठोकळे जितके जाड, मधल्या खाचा जितक्या खोल, तितका टायर चांगला, असा सरळ हिशेब. बहुतेक गाड्यांना जोर मागच्या चाकांतून मिळत असल्यामुळे गिऱ्हाईक चारऐवजी दोनच टायर घेई आणि ते मागे लावी. हिमात अडकलेली गाडी त्याने सुटायची. मात्र हे टायर कोरड्या रस्त्यावर घुमत, हादरे देत, आणि गोठलेल्या बर्फावर त्यांचा फारसा उपयोग नसे. कारण सोपे होते: नक्षी बदलली होती, रबर तेच राहिले होते.

या उणिवेवर पहिला तोडगा निघाला तो रबराला हात न लावता. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून नॉर्डिक देशांत टायरमध्ये खिळे बसवले जाऊ लागले. नोकियनचा पहिला खिळ्यांचा टायर १९६१चा. खिळा म्हणजे टंगस्टन कार्बाइडची बारीक, अतिशय कठीण सुई आणि तिच्याभोवती धातूचे कवच. टायरच्या पृष्ठभागाबाहेर तो जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर डोकावतो, पण ओल्या गुळगुळीत बर्फावर, जिथे रबराला धरायला काहीच नसते, तिथे हे शेकडो खिळे बर्फ कोरत जातात. शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ सर्वांत निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. अशा बर्फावर आजही खिळ्यांना तोड नाही. १९६०च्या दशकात ते अमेरिका, कॅनडा, जर्मनी, जपान असे सगळीकडे पोहोचले.

किंमत मात्र रस्त्याने मोजली. हिवाळ्यातले बहुतेक दिवस शहरी रस्ता बर्फाखाली नसतोच. उघड्या डांबरावर खिळे चर पाडतात आणि त्या चरांत पाणी साचून नवाच धोका तयार होतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९७१ मध्ये खिळ्यांवर बंदी घातली, पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये.

सर्वांत बोलका अनुभव जपानमधल्या सेंदाई शहराचा. तिथे हिम पडते, पण फार टिकत नाही. त्यामुळे गाड्या महिनोन्‌महिने खिळ्यांचे टायर घालून कोरड्या डांबरावर धावत. डांबराची भुकटी हवेत उडे आणि हिवाळा सरता सरता शहरावर करड्या धुळीचा थर बसे. लोक त्या शहराला वाळवंट म्हणू लागले. रहिवाशांनी हा प्रश्न लावून धरला. मियागी प्रांताने १९८५ मध्ये आपला नियम केला, १९९० मध्ये देशाचा कायदा आला आणि १९९१च्या वसंतापासून जपानमध्ये खिळ्यांच्या टायरची विक्री थांबली. वाहनचालकाची सुरक्षितता आणि रस्त्याकडेला राहणाऱ्याची फुफ्फुसे यांत कोणाचे पारडे जड धरायचे, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे त्याआधी कुठे विचारला गेला नव्हता. स्टॉकहोमने हॉर्नस्गाटान या रस्त्यावर २०१० पासून खिळ्यांचे टायर बंद केले आणि ऑस्लोने त्यांवर शुल्क लावले, त्यामागेही हीच धूळ आहे.

बंदीचा एक फायदा झाला. खिळ्यांवाचून बर्फावर पकड मिळवायची तर रबराकडेच वळणे भाग होते. उन्हाळी टायरचे रबर उष्णतेत टिकावे म्हणून बनवलेले असते. पारा उतरला की ते कडक होत जाते आणि रस्त्याच्या बारीकसारीक उंचवट्यांना बिलगत नाही. सात अंश सेल्सिअस ही जी सीमारेषा विक्रेते सांगतात ती ठोकताळा आहे. सहा अंशांना टायर एकाएकी निकामी होत नाही. पण दिशा बरोबर आहे: गोठणबिंदूच्या बऱ्याच खालीही मऊ राहणारे रबर हाच हिवाळी टायरचा गाभा. १९८८ मध्ये ब्रिजस्टोनने जपानात ‘ब्लिझॅक’ आणला. त्याच्या रबरात सूक्ष्म पोकळ्या होत्या. बर्फावरचा पाण्याचा थर त्या पोकळ्या शोषून घेत आणि रबर बर्फाला भिडे. १९९०च्या दशकात रबरात काजळीबरोबर सिलिका मिसळण्याचे तंत्र रूढ झाले, त्याने थंडीतली लवचीकता आणि ओल्या रस्त्यावरची पकड दोन्ही सुधारली. जोडीला ठोकळ्यांवर सुरीने घातल्यासारख्या शेकडो बारीक चिरा आल्या. अशा चिरांचे पेटंट अमेरिकेत जॉन साइप यांनी १९२३ मध्येच घेतले होते. त्यांचा पुरेपूर उपयोग व्हायला मऊ रबराची वाट पाहावी लागली.

इथे खरेदीदाराची मोठी अडचण झाली. रबराचा मऊपणा दुकानात उभे राहून कळत नाही. राकट दिसणारा टायर बर्फावर घसरू शकतो, साधा दिसणारा घट्ट धरू शकतो. त्यातच ‘एम+एस’ या अक्षरांचा अर्थ पातळ होत गेला. ती छापण्यासाठी खाचांची रचना अमुक प्रकारची असली की पुरे, बर्फावरची चाचणी लागत नसे. गुडइयरने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ हा बारमाही टायर आणला आणि त्यानंतर अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक बारमाही टायरवर ती अक्षरे आली. लाखो लोक त्यांच्यावर विसंबून हिमात गाडी चालवत राहिले, ही या इतिहासातली सर्वांत खेदाची गोष्ट म्हणावी लागेल.

उत्तर १९९९ मध्ये मिळाले. अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उत्पादकांच्या संघटनांनी तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह ठरवले. ते मिळवण्यासाठी टायरला दाबलेल्या हिमावर चालवून बघतात. संदर्भ टायरची पकड १०० धरली तर नव्या टायरची किमान ११० भरावी लागते. ग्राहकाने मागावे असे पहिले खरे प्रमाण हेच. त्याची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी: चाचणी हिमावरची आहे, काचेसारख्या बर्फावरची नाही.

कायदेही याच सुमारास कडक झाले. स्वीडनने १ डिसेंबर १९९९ पासून हिवाळी स्थितीत हिवाळी टायर सक्तीचे केले आणि नक्षीची खोली किमान ३ मिलिमीटर ठरवली. कॅनडाच्या क्यूबेक प्रांताने २००८ मध्ये सक्ती आणली. जर्मनीत आधी ‘योग्य टायर’ एवढाच मोघम नियम होता. २०१० मध्ये ओल्डेनबुर्गच्या न्यायालयाने तो फारच अस्पष्ट ठरवल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवा नियम आला. तारखांचे बंधन त्यात नाही. रस्त्यावर बर्फ, हिम किंवा चिखलहिम असेल तर हिवाळी टायर हवेत, नसतील तर दंड. ऑक्टोबर ते ईस्टर ही जर्मनांची परंपरागत मुदत आहे, आणि पुण्याहून श्टुटगार्ट किंवा म्युनिकला गेलेल्या अभियंत्यांना पहिल्याच शरदात ती कळते. टोरांटोच्या परिसरातल्या मराठी कुटुंबांचा अनुभव वेगळा. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण हिवाळी टायर लावणाऱ्याला विम्यात सवलत देणे कंपन्यांना २०१६ पासून बंधनकारक आहे.

दरम्यान दोन टायरांची जुनी सवयही मोडली. १९७० आणि ८०च्या दशकांत गाड्यांचा जोर पुढच्या चाकांकडे आला, तसे लोक दोन हिवाळी टायर पुढे लावू लागले. पुढची चाके धरतात, मागची धरत नाहीत. वळणावर ब्रेक लावताच गाडीची शेपटी फिरते. चारही चाकांना एकसारखेच टायर हवेत, हा धडा अपघातांतून शिकला गेला.

टायर निवडताना लोक ज्यांच्यावर भरवसा ठेवत, त्या मासिकांच्या चाचण्यांनाही २०१६ मध्ये हादरा बसला. काही चाचण्यांना आपण दुकानातल्यापेक्षा वेगळे, खास बनवलेले टायर पुरवले होते, असे नोकियनने कबूल केले. पहिला हिवाळी टायर देणाऱ्या कंपनीकडून हे घडावे याची फिनलंडमध्ये मोठी चर्चा झाली. चाचणीचे टायर गिऱ्हाईक म्हणून दुकानातूनच विकत घ्यायचे, ही पद्धत किती आवश्यक आहे ते त्यातून दिसले. जर्मनीची मोटारचालक संघटना एडीएसी याच पद्धतीने टायर घेते.

भारतात हा बाजार जवळपास नाही. मनालीच्या वर किंवा काश्मीरमध्ये अजून साखळ्यांवरच भिस्त असते. भारतीय कंपन्या मात्र या धंद्यात आहेत: अपोलोने २००९ मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन विकत घेतली, तर मुंबईत मुख्यालय असलेली सिएट युरोपसाठी हिवाळी टायर बनवते.

२०१५ मध्ये मिशेलिनच्या ‘क्रॉसक्लायमेट’ने हिमकणाचे चिन्ह मिळवलेला, पण उन्हाळ्यातही चालणारा टायर दिला. जिथे हिम वर्षातून चार दिवस पडते, अशा शहरांत तो पुरेसा ठरतो आणि दर मोसमाला टायर बदलण्याचा व ते साठवण्याचा खर्च वाचतो. लॅपलंडसाठी किंवा आल्प्सच्या घाटांसाठी तो खऱ्या हिवाळी टायरची जागा घेत नाही. मे २०२१ पासून युरोपीय संघाच्या लेबलवर हिमावरच्या पकडीसाठी एक आणि बर्फावरच्या पकडीसाठी दुसरे अशी स्वतंत्र चिन्हे आली, त्यामुळे १९९९च्या चिन्हातली उणीव बरीच भरून निघाली. बाजूवरच्या संकेताचे शेवटचे चार आकडेही आता जाणकार ग्राहक वाचतो: ३८२३ म्हणजे २०२३ सालचा अडतिसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर नवा म्हणून माथी मारला जाऊ नये, एवढी काळजी त्यातून घेता येते. अर्धी झीज झालेल्या टायरकडे तर फार बारकाईने पाहावे लागते. ऑस्ट्रियात नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की तो कायद्याने हिवाळी टायर राहत नाही, आणि ब्लिझॅकच्या काही जुन्या मॉडेलांत पोकळ्यांचे रबर वरच्या थरापुरतेच होते.

जर्मनीने २०१८ पासून बनलेल्या टायरांना तीन शिखरांचे चिन्ह आवश्यक केले आणि त्याआधीच्या ‘एम+एस’ टायरांना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत मुदत दिली. ती सरली तशी, १९५०च्या दशकापासून टायरच्या बाजूवर असलेल्या त्या अक्षरांची हिवाळी टायर म्हणून जर्मनीतली कायदेशीर मान्यता संपली.