बोराएवढी गार की लिंबाएवढी? खरा फरक इथेच पडतो

एप्रिल 2023. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात वनकुटे परिसराला गारपिटीने झोडपलं. पिकं गेली, घरांचंही नुकसान झालं. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे पाहणीला आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी तालुक्यात पुन्हा गारा पडल्या.

पण भर उन्हाळ्यात बर्फ येतो कुठून?

दुपारी जमीन तापते, गरम हवा वर उसळते. त्यात बाष्प असेल आणि वरच्या थरात हवा थंड असेल, तर ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. तिथे शून्याखालच्या तापमानातही पाण्याचे थेंब न गोठता तरंगत असतात. बर्फाचा कण त्यांना भिडला की थेंब त्याच्यावर गोठतात आणि गार वाढत जाते. मोठी गार मधोमध कापली तर अनेकदा कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. (पारनेरकरांना ही उपमा बोचेल.)

गार किती मोठी होणार हे वर जाणारा वारा ठरवतो. लिंबाएवढी गार पेलायला ताशी सुमारे 100 किलोमीटरचा झोत लागतो. तो कमी पडला की गार खाली येते. पावसाळ्यात ढग भरपूर, पण वर जाणारे झोत सहसा इतके जोरदार नसतात. म्हणून जुलैत गारा क्वचितच दिसतात.

आता आकाराचं गणित. गारेचा व्यास दुप्पट झाला तर वजन आठपट होतं. वेगही वाढतो, त्यामुळे मार जवळपास सोळापट बसतो. बोराएवढी गार पानं फाडते, लिंबाएवढी पत्रा फोडते आणि जनावर जखमी करते. मुरादाबादला 30 एप्रिल 1888 रोजी गारांनी 246 जणांचा जीव घेतला होता.

कांद्याचं दुखणं वेगळंच. मार लागलेला कांदा त्या दिवशी बरा दिसतो, पण चाळीत सडतो. चार महिने थांबून भाव मिळवायचा बेतच मोडतो.

सरकारी मदतीसाठी पिकाचं किमान 33 टक्के नुकसान पंचनाम्यात दिसावं लागतं. गार मात्र थोड्या वेळात वितळते. म्हणून फोटो काढताना गारेशेजारी नाणं ठेवा, आणि फोटो नुसता स्टेटसला न टाकता तलाठ्यालाही पाठवा. अर्थात, विजा थांबल्यावरच बाहेर पडा.