पांच मीटर आणि पस्तीस किलोमीटर

जी. पी. एस.चें यंत्र किती अचूक असतें, असा प्रश्न डोंगरांत जाणारी तरुण मंडळी मला वारंवार विचारतात. विचारणाराची अपेक्षा अशी असते कीं, मीं एक आंकडा सांगावा आणि त्यानें तो मनाशीं बाळगून निर्धास्तपणें सह्याद्रीच्या वाटेला लागावें. आंकडा सांगणें कठीण नाहीं. आकाश मोकळें असेल आणि आजूबाजूस उंच भिंती किंवा दाट झाडी नसेल, तर साधा मोबाइल काय किंवा मुठींत मावणारें स्वतंत्र ग्राहकयंत्र काय, आपली जागा सुमारें ५ मीटरांच्या आंत सांगतें. अमेरिकेचें सरकार या बाबतींत जी माहिती प्रसिद्ध करतें, तींत मोबाइलकरितां ४.९ मीटर हा आंकडा दिलेला आहे. पांच मीटर म्हणजे एखाद्या दिवाणखान्याची लांबी. २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांची क्षीण पुकार ऐकून इतकें बरोबर सांगतां यावें, हें नवलच म्हटलें पाहिजे. परंतु एवढें सांगून मी आपला निरोप घेतला तर तें योग्य होणार नाहीं. कारण या पांच मीटरांच्या चुकीनें सहसा कोणाचें नुकसान होत नाहीं. नुकसान होतें तें दुसऱ्याच चुकांनीं. त्यांतल्या कांहीं यंत्राच्या असतात, पण सर्वांत मोठ्या असतात त्या आपल्या स्वतःच्या.

हें यंत्र चालतें कसें, तें थोडक्यांत पाहूं. आकाशांत वीज चमकली आणि गडगडाट ऐकूं येण्यास कांहीं क्षण लागले, म्हणजे तेवढ्या क्षणांवरून वीज किती दूर पडली असेल याचा अदमास आपण बांधतों. येथें तोच हिशेब आहे. फक्त आवाजाच्या जागीं रेडिओलहरी आहेत, आणि त्या सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर धांवतात. उपग्रह आपली वेळ अखंड पुकारीत असतो. ती पुकार किती उशिरां पोंचली यावरून त्याचें अंतर निघतें. तीन उपग्रहांचीं अंतरें कळलीं म्हणजे जागा ठरावी. पण उपग्रहांत आण्विक घड्याळें आहेत आणि आपल्या हातांतल्या यंत्रांत मनगटी घड्याळासारखा एक स्वस्त स्फटिक आहे. त्याची चूक काढण्यासाठीं चवथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो. उपग्रहांवरचीं घड्याळें जमिनीवरच्या घड्याळांपेक्षां रोज ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात, असें आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावरून निघतें. तेवढी वजाबाकी आधींच केलेली नसती, तर एका दिवसांत १० किलोमीटरांहून अधिक चूक सांचली असती. सापेक्षतावादाचा संसारांत उपयोग काय, असें विचारणारांसाठीं हें उत्तर मीं राखून ठेविलें आहे.

आरंभीं ही सगळी योजना केवळ अमेरिकेच्या सैन्यासाठीं होती. पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडण्यांत आला. १९८३ सालीं कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें आणि पाडलें गेलें. २६९ माणसें प्राणास मुकलीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनीं ही सोय नागरिकांस खुली करण्याचें जाहीर केलें. १९८९ सालीं हातांत धरण्याजोगें यंत्र मॅगेलन कंपनीनें बाजारांत आणलें. त्याची किंमत सुमारें ३,००० डॉलर होती. पुढें बरीच वर्षें नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि त्यामुळें जागा १०० मीटरांपर्यंत इकडेतिकडे सरके. २ मे २००० रोजीं ही भेसळ बंद करण्यांत आली, आणि मालकांनीं एक पैहि खर्च न करतां जगांतलीं यंत्रें एका रात्रींत जवळजवळ दसपट अचूक झालीं. दुसऱ्याच दिवशीं डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत रानांत एक बादली लपविली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तीन दिवसांच्या आंत दोघांनीं ती निरनिराळी जाऊन हुडकून काढली. १०० मीटर त्रिज्येचें वर्तुळ म्हणजे पावणेआठ एकर रान. १० मीटरांचें म्हणजे जेमतेम तीन गुंठे. पावणेआठ एकरांत बादली शोधणें आणि तीन गुंठ्यांत शोधणें, यांतला फरक शेतकऱ्यास समजावून सांगावा लागणार नाहीं.

आतां उरलेली चूक येते कोठून? कांहीं भाग वाटेंतला आहे. पृथ्वीभोंवतीं जें आयनांबर आहे, त्यांतून येतांना लहर रेंगाळते. दिवसां अधिक, रात्रीं कमी. आपला देश चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळें हा त्रास आपल्याकडे युरोपापेक्षां जास्त आहे, आणि कित्येकदां सूर्यास्तानंतर आयनांबर असें खळबळतें कीं संदेश कांपूं लागतात. दोन निरनिराळ्या लहरी ऐकणारीं यंत्रें हा दोष बराचसा काढून टाकतात. २०१८ पासून तशा जातीचे मोबाइलहि मिळूं लागले आहेत. शिवाय रशियाचे, युरोपचे, चीनचे आणि २०१३ पासून आपल्या देशाचेहि उपग्रह या कामीं आकाशांत आहेत.

परंतु डोंगरांत खरा घोटाळा होतो तो शेवटच्या शंभर मीटरांत. भंडारदऱ्याजवळ साम्रद गांवची सांदण दरी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना मी काय म्हणतों तें लगेच कळेल. दोन्ही बाजूंचे कातळ इतके जवळ येतात कीं, माथ्यावर आकाशाची एक पट्टी तेवढी उरते. जे उपग्रह दिसायचे ते त्या पट्टींतच, म्हणजे दरीच्या लांबीच्या रोंखानें. आडव्या बाजूंना एकहि नाहीं. परिणाम असा होतो कीं, दरीच्या लांबींत आपली जागा बऱ्यापैकीं निघते आणि रुंदींत मात्र ढळते. त्यांतच कांहीं लहरी कातळावर आपटून येतात. त्या लांबचा रस्ता धरून आलेल्या असतात, आणि बिचाऱ्या यंत्राला वाटतें कीं उपग्रहच तितका दूर आहे. मग आपण दरीच्या तळाशीं पाण्यांत उभे असतां यंत्र आपणांस खुशाल कातळाच्या पोटांत नेऊन बसवितें. मुंबईच्या फोर्ट भागांतल्या उंच इमारतींमध्यें हाच प्रकार होतो, पण तेथें चूक झाली तर मनुष्य फार तर पलीकडच्या रस्त्यावर निघतो. पावसाळ्यांतल्या ओल्या, दाट झाडींतहि संदेश क्षीण होतात. चूक दुप्पट-तिप्पट झाली तरी आश्चर्य मानूं नये.

कोंकणकड्यावर धुक्यांत उभें राहून नकाशावरचा निळा ठिपका पाहत, कांठ अजून सहा मीटर दूर आहे असा हिशेब करणारास म्हणूनच हात धरून मागें ओढावें. त्या सहा मीटरांना कांहीं अर्थ नाहीं.

यंत्र स्वतःच्या चुकीचा अंदाजहि सांगत असतें. पडद्यावर "३ मीटर" अशी अक्षरें उमटतात, आणि वाचणारास वाटतें कीं चूक तीन मीटरांपलीकडे जाणारच नाहीं. तसें नाहीं. अँड्रॉइड जातीच्या मोबाइलांत या आंकड्याचा अर्थ इतकाच आहे कीं, शंभरांपैकीं सुमारें ६८ वेळां खरी जागा त्या वर्तुळांत असेल. उरलेल्या ३२ वेळां ती बाहेर असेल, आणि किती बाहेर तें तो आंकडा सांगत नाहीं. दशांशचिन्हापुढच्या अंकांचाहि असाच मोह पडतो. अक्षांशाचा पांचवा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारें १.१ मीटर आणि सहावा म्हणजे ११ सेंटिमीटर, अर्धी वीत. पांच मीटर चुकणाऱ्या यंत्रानें अर्ध्या वितीचा हिशेब छापावा, याला अचूकपणा म्हणत नाहींत.

याची प्रचीति घरबसल्या घेतां येते. मीं आमच्या गच्चीवर खडूनें एक फुली काढली आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ यंत्र त्याच फुलीवर ठेवून जागा नोंदली. चौदा ठिपक्यांपैकीं एकहि दुसऱ्यावर नेमका बसला नाहीं; दोन तर शेजारच्या पेरूच्या झाडावर पडले. घरच्या मंडळींची करमणूक झाली, पण मला त्यांतून एक उपयुक्त गोष्ट दिसली. पांच-दहा मिनिटांच्या अवधींत यंत्र एकाच बाजूला चुकत राहतें. म्हणून एखादी पाण्याची टांकी किंवा शिलालेख नोंदावयाचा असेल, तर तेथें दहा मिनिटें ताटकळण्यापेक्षां जातांना एकदां आणि परततांना एकदां नोंद घेऊन मध्य काढावा. आणखी एक गंमत: न्याहारीसाठीं अर्धा तास बसलेल्या माणसाचेंहि यंत्र "चालत" असतें. ठिपका आपल्या जागीं डुलत राहतो, तीं सगळीं डुलणीं एकूण अंतरांत जमा होतात, आणि संध्याकाळीं मंडळी आपण चाललों त्याहून थोडें अधिक चाललों असें मोठ्या समाधानानें सांगतात.

उंचीची गोष्ट याहून नाजूक आहे. सर्व उपग्रह आपल्या डोक्यावर असतात, पायांखालीं एकहि नसतो. म्हणून उभ्या दिशेची चूक आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट असते. पण त्याहून मोठा प्रश्न आहे तो उंची मोजायची कोठून. उपग्रहांचें गणित पृथ्वीला एक गुळगुळीत, किंचित् चपटा गोल मानतें. खरी समुद्रसपाटी तशी नाहीं. पृथ्वीचें गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखें नसल्यामुळें ती कोठें फुगलेली, तर कोठें बसलेली आहे. आपल्या देशाभोंवतीं ती बसलेली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरांत हा खळगा १०० मीटरांहून खोल आहे आणि त्याच्याइतका खोल खळगा पृथ्वीवर दुसरा नाहीं. मुंबईजवळ तो साठ मीटरांहून अधिक भरतो. चांगलीं यंत्रें हा फरक आपोआप मिळवून घेतात. मोबाइलवरचीं कित्येक साधनें घेत नाहींत. अशा साधनाच्या मतें चौपाटीवर भेळ खाणारा मनुष्य समुद्रसपाटीखालीं साठ मीटर बुडालेला असतो, आणि १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या देवळापाशीं पोंचलेल्या माणसाला १,५८० च्या आसपास आंकडा दिसून, शिखर अजून वर राहिलें कीं काय असा भ्रम होतो. देऊळ समोर असतां आंकड्यावर विश्वास ठेवणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत.

जुन्या नकाशांचा घोटाळा याच जातीचा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनीं १८३० सालीं ठरविलेल्या गोलावर, मध्य प्रदेशांतील कल्याणपूर हें मूळ ठिकाण धरून बेतलेले आहेत. उपग्रहांचा गोल निराळा आहे. आपल्या महाराष्ट्रांत या दोहोंत शंभर मीटरांहून अधिक अंतर पडतें. नकाशाहि बरोबर आणि यंत्रहि बरोबर, तरी घाटवाटेचें तोंड शेजारच्या नाळेंत सरकतें. ज्यांच्याजवळ असे नकाशे आहेत, त्यांनीं ते टाकूं नयेत, त्यांच्यासारखें बारीक काम फार थोडें झालें आहे. पण यंत्रांत तो जुना गोल निवडून मगच दोहोंचा मेळ घालावा.

आतां ज्यासाठीं मीं हा विषय घेतला, ती गोष्ट. समजा, सिंहगडाच्या उतरणीवर कोणाचा पाय मोडला आहे, अंधार पडत आहे, आणि बरोबरचा मनुष्य बचावपथकाला फोनवरून जागा सांगत आहे. त्याच्या पडद्यावर १८ अंश २१.९४ मिनिटें उत्तर आणि ७३ अंश ४५.३२ मिनिटें पूर्व असें आहे. घाईंत तो नुसते अंक वाचतो: अठरा, एकवीस, चौऱ्याण्णव, त्र्याहत्तर, पंचेचाळीस, बत्तीस. ऐकणारा ते कागदावर १८.२१९४ आणि ७३.४५३२ असे दशांशांत मांडतो. अंशाचे साठ भाग आणि अंशाचे शंभर भाग यांची ही गफलत आहे, पण तिचा परिणाम पाहा: ही दुसरी जागा सुमारें ३५ किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पलीकडे कोंकणांत, रायगडापासून दोनएक किलोमीटरांवर पडते. जखमी सिंहगडाला आणि पथक रायगडाला! आणि दोन्हीकडे गड आहेच, तेव्हां चूक चटकन् कोणाच्या लक्षांतहि यावयाची नाहीं. मिनिटें-सेकंदांची गफलत याहून लहान, पण अधिक फसवी. २१ मिनिटें ५६ सेकंद ही जागा २१.५६ मिनिटें अशी लिहिली गेली तर ७०० मीटरांचा फरक पडतो. पथक गडावरच येतें, पण भलत्याच बाजूच्या कड्यावर.

म्हणून घरून निघण्यापूर्वीं सर्वांनीं आपापल्या यंत्रांत अंक दाखविण्याची एकच पद्धति निवडावी; दशांश अंशांची सर्वांत सोपी. यंत्र पायथ्याशीं, मोकळ्या आकाशाखालीं सुरू करून जागा ठरेपर्यंत थांबावें. फोनवर जागा सांगतांना "अंश", "दशांशचिन्ह", "मिनिटें" हे शब्द गाळूं नयेत, आणि ऐकणाराकडून तेच अंक परत वदवून घ्यावेत. अंकांच्या जोडीला गडाचें नांव, कोणत्या दरवाजानें वर गेलों, पाण्याचें टांकें उजवीकडे राहिलें कीं डावीकडे, पायथ्याचें गांव कोणतें, हें सांगावें. तें ऐकून वाडीवरचा एखादा धनगर अंधारांतहि सरळ आपल्यापाशीं येऊन उभा राहील. अक्षांश त्याला विचारूं नयेत.