‘वास येतोय’ म्हणजे नक्की कसला?

आजचा विषय नाक मुरडायला लावणारा आहे: घाण वास. पण शेवटपर्यंत थांबा, कारण प्रकरण जिवापर्यंत जातं.

मराठीत एक गंमत बघा. ‘वास’ हा शब्द तसा तटस्थ. मोगऱ्यालाही वास, गटारालाही वास. पण कोणी नुसतं ‘वास येतोय’ म्हणालं की आपला हात आधी नाकाकडे जातो. वास वाईट आहे, एवढं कळतं. कसला आहे, ते कळत नाही.

बऱ्याच भाषांची हीच अडचण आहे. रंगाला लाल, पिवळा अशी स्वतःची नावं असतात. वासाला मात्र तो जिथून येतो त्याचं नाव: अंड्याचा, रॉकेलचा, मोज्यांचा. मलाय द्वीपकल्पातले जहाई लोक याला अपवाद आहेत. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली दाखवून दिलं की जहाई लोक वासांचं वर्णन रंगांइतक्याच सहज करतात. इंग्रजी बोलणारे तिथे अडखळतात. रक्ताच्या ज्या वासाने वाघ येतो, त्यासाठी जहाईंकडे वेगळा शब्द आहे!

आपणही अगदीच गरीब नाही बरं का. ‘खवट’ घ्या. खोबरं, शेंगदाणे, तूप: पदार्थ वेगळे, शब्द एकच. कारण मागची भानगड बहुतेक वेळा एकच असते, स्निग्धांशाची हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया. ‘कुबट’ म्हणजे पावसाळ्यात न वाळलेले कपडे, बंद कपाट. तिथे ओल आणि सूक्ष्मजीव. म्हणजे नेमका शब्द सापडला की उपायही अर्धा सापडतो. कुबट कपडे पुन्हा धुऊन कडक उन्हात वाळवता येतात. खवट शेंगदाणे कितीही भाजा, पूर्वीसारखे होत नाहीत.

पण शब्द नाकाला फसवूही शकतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या रेचल हर्झ यांच्या प्रयोगात लोकांना ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक आम्लाचं एकच मिश्रण हुंगायला दिलं. एकदा सांगितलं, हे पार्मेझान चीज आहे. एकदा सांगितलं, ही ओकारी आहे. चीज म्हटल्यावर तोच वास लोकांना कितीतरी बरा वाटला.

आता जिवाचा मुद्दा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर नाक हा अलार्म आहे, मीटर नाही. नवं काही आलं की ते ओरडतं. तेच चालू राहिलं की थोड्या वेळाने गप्प बसतं. वास तिथेच असतो, आपल्याला येत नाही एवढंच.

गटारातला हायड्रोजन सल्फाइड याहून भयंकर. अगदी थोडा असला तरी सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग झाला की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला. प्रत्यक्षात धोका वाढलेला असतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

उलट, स्वयंपाकघरात घाण वास आपल्याला वाचवतो. १९३७ साली टेक्ससमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे वायूत वास मिसळणं सक्तीचं झालं. आपल्या सिलिंडरमध्ये त्यासाठी इथाइल मरकॅप्टन असतं. ती घाण मुद्दाम घातलेली आहे.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ‘वास येतोय’वर थांबू नका, कसला, कुठून, कधीपासून, ते बोला. दोन, बाहेरून आलेला माणूस ‘गॅसचा वास येतोय’ म्हणाला आणि तुम्हाला येत नसला, तर त्याचं नाक खरं माना. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्या-पंख्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर या आणि १९०६ला फोन करा. घरात कोणाची वासाची जाणीव कमी झाली असेल, तर गॅस डिटेक्टर बसवून घ्या.

तुमच्या घरी, गावी वासांसाठी कुठले खास शब्द आहेत? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!