घरी केलेल्या कामाचा मालक कोण?

कच्चा माल व्यापाऱ्याने द्यायचा, तो कारागिराने घरी नेऊन जोडायचा, ओवायचा, चिकटवायचा किंवा वळायचा आणि तयार नग परत केल्यावर नगाप्रमाणे मजुरी घ्यायची, या पद्धतीस अभ्यासक गृहाधारित काम म्हणतात. वस्त्यांमध्ये ते ‘पीसवरचे काम’ म्हणून ओळखले जाते. घरगुती व्यवसायाशी त्याची गल्लत करणे बरोबर नाही. घरी लोणची घालून विकणारी स्त्री भाव आणि गिऱ्हाईक स्वतः ठरवते, तर पीसवर काम करणाऱ्या स्त्रीच्या हाती स्वतःच्या श्रमांखेरीज काहीच नसते. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या घरेलू कामगारांहूनही हा वर्ग निराळा आहे. मुंबईत मालाड, धारावी या भागांतील नकली दागिन्यांची जोडणी, श्रावणाआधी कित्येक महिने चालणारे राख्यांचे काम आणि सोलापूर, सिन्नर, संगमनेर, गोंदिया येथील बिडीकाम ही त्याची महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे होत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात सुमारे २६ कोटी माणसे घरून काम करीत होती. त्यांत स्वतःचा धंदा करणारे आणि संगणकावर काम करणारेही मोजलेले असून निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत.

दागिन्यांच्या धंद्यात ओतकाम आणि मुलामा कारखान्यात होतो, जोडणी मात्र घरोघरी वाटली जाते. कानातल्याच्या कामात दोन्ही हातांत एकेक पकड धरून तारेची बारीक कडी किंचित उघडायची, तीत लोलक आणि हूक अडकवायचा आणि कडीची दोन टोके एकमेकांस भिडतील अशी मिटवायची, एवढीच कृती असते. पण फट राहिली तर लोलक निसटतो, आणि पकडीचा दाब अधिक झाला तर मुलाम्यावर ओरखडा उठून नग वाया जातो. या व्यवहारात हिशेब डझनाने किंवा ग्रोसने, म्हणजे १४४ नगांनी, होतो. एका जोडीस दीड मिनिट धरले, तरी एक ग्रोस जोड्या पुऱ्या व्हायला साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि त्यात माल आणणे, मणी निवडणे, मोजून पुड्या बांधणे, परत नेऊन देणे यांचा वेळ धरलेला नाही. दर ग्रोसचा ठरत असल्याने हा उरलेला वेळ कोणाच्याच वहीत चढत नाही. जागा, वीज, माल कोरडा ठेवण्याची व्यवस्था, डिंकाचा वास, मानेचे आणि डोळ्यांचे दुखणे, मागणी थंडावल्यावरचे रिकामे दिवस हा सारा खर्च एरवी कारखान्याने सोसायचा असतो. तो येथे न बोलता दहा बाय दहाच्या खोलीत येऊन पडतो. घरसंसार सांभाळून चार पैसे मिळतात म्हणून स्त्रिया हे काम पत्करतात, हे खरेच आहे. परंतु त्यांच्या या अडचणीलाच सोय म्हणून दर पाडणे न्याय्य ठरत नाही.

या पद्धतीचे मर्म मात्र दरापेक्षाही माल परत घेण्याच्या क्षणी दिसते, आणि ते बिडीच्या धंद्याइतके स्पष्ट दुसरीकडे कोठेही दिसत नाही. कामगार स्त्री तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून घेते, पाने भिजवून मऊ करते, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापते, त्यांत तंबाखू भरून सुरळी वळते, दोऱ्याने बांधते आणि तोंड नखाने मुडपून बंद करते. दुसऱ्या दिवशी ती माल घेऊन जाते, तेव्हा तो तपासणारा माणूस ज्या बिड्या नापसंत करतो त्यांना छाट म्हणतात. छाट म्हणून बाजूला पडलेल्या बिड्यांची मजुरी मिळत नाही. दिलेली पानेच फाटकी किंवा किडकी असली, तर ठरलेला आकडा भरून काढण्यासाठी पदरमोड करून पाने घ्यावी लागतात, ही या कामगारांची जुनी तक्रार आहे.

हीच छाट पुढे न्यायालयात कामगारांच्या बाजूचा पुरावा ठरली, आणि भारतीय कामगार कायद्याच्या इतिहासातील हा भाग आहे त्याहून कितीतरी अधिक लोकांना ठाऊक असायला हवा. बिडी वळणारा केव्हा येतो, किती वेळ बसतो, किती बिड्या वळतो यावर आपले नियंत्रण नाही, तेव्हा तो आपला कामगार नव्हेच, असा कारखानदारांचा युक्तिवाद असे. साठच्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल या प्रश्नावर दोन दिशांना गेले. नागपूरच्या एका प्रकरणात नगावर मजुरी घेणारे बिडीकामगार कारखाना कायद्याखालील कामगार ठरले. थोड्याच काळाने महाराष्ट्रातून गेलेल्या दुसऱ्या प्रकरणात बहुमताने उलट मत दिले गेले. ही दोन्ही प्रकरणे कारखान्यात बसून बिड्या वळणाऱ्यांची होती. घरी काम नेणारे तर त्याहूनही दूर होते. संसदेने १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी बिड्या वळणाऱ्यांनाही त्याच्या कक्षेत आणले. मधे ठेकेदार उभा केल्याने मूळ मालक सुटू नये, यासाठी ‘मुख्य मालक’ ही संकल्पना त्यात घातली गेली. कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनी शंभरामागे पाचांहून अधिक बिड्या सर्वसाधारणपणे छाटू नयेत, असे बंधन घातले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न तरीही उरलाच होता. पी. एम. पटेल अँड सन्स विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला. घरी चाललेल्या कामावर प्रत्यक्ष देखरेख नसली तरी माल नापसंत करण्याचा अधिकार मालकाच्या हाती आहे आणि या स्वरूपाच्या कामात तो अधिकार हेच पुरेसे नियंत्रण होय, म्हणून घरी बिडी वळणारे निधीच्या लाभास पात्र आहेत, असा तो निर्णय होता. ज्या कृतीमुळे कामगाराची मजुरी कापली जात होती, तिनेच मालकाचे मालकपण सिद्ध केले.

दागिने आणि राख्या जोडणाऱ्यांच्या वाट्याला असा स्वतंत्र कायदा आला नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने, दुसऱ्याने दिलेला माल स्वतःच्या घरी तयार करणाऱ्या, सजवणाऱ्या किंवा पुरा करणाऱ्या व्यक्तीस कर्मचाऱ्याच्या व्याख्येत घेतले होते, पण व्याख्येत बसणे आणि मजुरी हाती पडणे यांत फार अंतर राहिले. शेठ, त्याचा ठेकेदार, ठेकेदाराकडून गोणी आणून चाळीत वाटणारी बाई अशा साखळीत शेठचे नाव कामगाराला ठाऊकच नसते, मग दाद कोणाविरुद्ध मागायची? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गृहाधारित कामगाराची व्याख्या केली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तथापि तिने या वर्गाला असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी योजनांच्या आधारावर सोडले आहे. योजना हव्यातच, पण ज्याला माल नापसंत करण्याचा हक्क आहे त्याच्याच अंगावर जबाबदारीही यायला हवी, हा १९८५ च्या निकालातील विचार त्यात मागे पडतो.

नगाची तपासणी मुळातच अन्यायाची असते, असे मात्र नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगातही पीठ केंद्रावरून न्यायचे, पापड घरी लाटायचे आणि परत आणल्यावर तपासून घ्यायचे, अशीच रीत आहे. फरक एवढाच की तेथे लाटणारी बहीण संस्थेची सहमालक असते.

दुसऱ्या टोकाला निव्वळ फसवणूक आहे. घरबसल्या पेन्सिली भरा, खेळणी जोडा, महिना इतके हजार कमवा, अशा जाहिरातींमागे बहुधा एकच डाव असतो: नोंदणी किंवा मालाची अनामत म्हणून आधी पैसे घ्यायचे आणि कोणी नेटाने काम पुरे केलेच, तर सारा माल दर्जाहीन ठरवून हात झटकायचे. अमेरिकेतही हस्तकलेच्या वस्तू जोडण्याच्या कामाच्या नावाखाली याच रीतीने लोकांना वर्षानुवर्षे लुबाडले गेले आहे. मजुरीचे काम देणारा कामगाराकडून पैसे मागत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. त्याच्या मागणीत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत स्थापलेल्या ‘सेवा’ या स्त्री कामगारांच्या संघटनेचा मोठा वाटा होता. भारताने मात्र या करारास अद्याप मान्यता दिलेली नाही. ती मिळेपर्यंत काही गोष्टी राज्य पातळीवरही करता येण्याजोग्या आहेत. राखी आणि नकली दागिन्यांसाठी नगाचा दर प्रत्यक्ष लागणारा वेळ मोजून ठरवावा, नापसंतीला बिडीसारखीच मर्यादा घालावी आणि मूळ व्यापाऱ्याचे नाव लिहिलेली वही प्रत्येक घरी द्यावी. तोवर कामगारांनी निदान स्वतःची वही ठेवावी आणि माल कोणाकडून घेतला, कोणत्या तारखेला, किती नग दिले, किती परत आले आणि कोणत्या कारणाने, हे तीत रोजच्या रोज लिहावे. दाद मागण्याची वेळ आली तर हातात दाखवायला तेवढाच कागद असतो.