अठ्ठावन्ननंतरची शिफ्ट

डिसेंबर १९४०मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची नोंदणी झाली. देशात विमानं बांधायची, या ध्यासाने ती उभी करणारे वालचंद हिराचंद दोशी यांना महिन्याभरापूर्वीच अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली होती. पुढच्याच वर्षी त्यांच्या सिंदिया कंपनीच्या विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. १९४४मध्ये मोटारी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स आली. सोलापुरात जन्मलेल्या या माणसाच्या आयुष्यात साठीच्या आसपासची वर्षं सगळ्यात धामधुमीची होती.

त्यांचं नाव मिरवणाऱ्या वालचंदनगरात अठ्ठावन्न हा आकडा उच्चारला जातो तो मात्र निरोपाच्या संदर्भात. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर, नीरेच्या कालव्याच्या भरवशावर, १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती हे गाव वसलं. पुढे इथे साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रं, प्रचंड गिअरबॉक्स, अणुवीज केंद्रांची उपकरणं आणि इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटार केसिंग घडू लागल्या. कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनचं वय ५८ आहे आणि अनेक कारखान्यांत निवृत्तीही त्याच वयात येते. शाल, नारळ, चार शब्दांची भाषणं, ग्रुप फोटो. तीस-पस्तीस वर्षं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारा फिटर किंवा टर्नर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला जागा होतो, आणि त्या वेळेला त्याला कुठेही पोहोचायचं नसतं.

पहिले काही महिने बरे जातात. राहिलेलं देवदर्शन होतं, घराची गळती निघते, मुलीकडे पुण्याला चार दिवस राहणं होतं. मग हळूहळू पेपर दोनदा वाचून होऊ लागतो. दुपारची झोप लांबते, रात्रीची उडते. टीव्ही चालू असतो, पण काय पाहिलं ते आठवत नाही. कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला घर सोडावं लागलेलं असलं तर ज्यांच्याबरोबर आयुष्य गेलं ते शेजारीही पांगलेले असतात. ‘करमत नाही’ एवढंच तो सांगतो आणि घरचे मायेने म्हणतात, ‘आयुष्यभर राबलात, आता आराम करा.’

या आरामातच अडचण आहे.

झाडाला पाणी कोण घालणार?

१९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या ज्येष्ठांना सांगितलं गेलं की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा हे तुम्हीच ठरवा. प्रत्येकाला एक रोपटं निवडायला दिलं आणि त्याची निगा त्याच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटं मिळालं, पण त्याला पाणी कर्मचारी घालणार होते. तुम्ही सुखात राहा, बाकी आम्ही पाहतो, असं त्यांना सांगण्यात आलं. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातली माणसं अधिक तरतरीत आणि हालती-बोलती दिसली. प्रयोग लहान होता, जेमतेम नव्वद माणसांचा. तरीही घरोघरच्या ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ या प्रेमळ वाक्याचा पुनर्विचार करायला तो पुरेसा आहे.

नोकरी पगार देते, हे सगळ्यांना दिसतं. ती आणखी तीन गोष्टी देत असते: दिवसाला आकार, बरोबरीची माणसं, आणि आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल ही जाणीव. निवृत्तीच्या दिवशी तिन्ही एकदम जातात. करमणुकीची साधनं कितीही आणून दिली तरी ही तिसरी गोष्ट भरून निघत नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ कुणाचीही वाट पाहत नाहीत.

बायकांचं दुखणं थोडं निराळं असतं. घरकामाला निवृत्तीची तारीख नसते, पण सून आली, गॅसजवळचा ताबा गेला, नातवंडं मोठी झाली की हातातलं एकेक काम निसटत जातं, आणि त्याचा निरोप समारंभही होत नाही. शेतमजुरी करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला तर कंटाळ्याची चैनच परवडत नाही. पेन्शन योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४पासून महिना हजार रुपयेच आहे. त्यामुळे कित्येक निवृत्त कामगारही मन रमवण्यासाठी नव्हे, घर चालवण्यासाठी पुन्हा नोकरी धरतात. ज्येष्ठांच्या कंटाळ्याबद्दल बोलताना हा फरक विसरून चालणार नाही.

आधी हालचाल, मग उत्साह

मरगळलेला माणूस म्हणतो, ‘मूड आला की करीन.’ मानसोपचारात गेल्या अर्धशतकात पक्की होत गेलेली समजूत याच्या उलट आहे. पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मांडलं की माणूस कामातून, भेटीगाठींतून अंग काढून घेतो तेव्हा त्यांतून मिळणारं समाधानही बंद होतं. समाधान नाही म्हणून तो आणखी आक्रसतो. हे चक्र तोडायचं तर इच्छा होण्याची वाट न पाहता लहानसं, ठरलेल्या वेळेचं काम सुरू करायचं. उत्साह मागून येतो.

हे आपल्याकडे चालतं का, याचं उत्तर गोव्यात मिळालं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, साठी ओलांडलेल्या १८१ जणांवर डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ‘दिल’ नावाचा अभ्यास केला; त्याचे निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. या सगळ्यांना नैराश्याची सुरुवातीची लक्षणं होती, पूर्ण आजार नव्हता. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक काही बैठकांमध्ये बोलले. ते डॉक्टर नव्हते. अडचणींची यादी करून एकेक कशी सोडवायची, झोपेची घडी कशी बसवायची, मधुमेहासारखे आजार कसे सांभाळायचे, सरकारी योजनेचा लाभ कसा मिळवायचा, अशा रोजच्या गोष्टींवरच ही बोलणी होती. वर्षभरानंतर नेहमीच्या उपचारांच्या गटात १४ टक्क्यांहून अधिक जणांना नैराश्याने गाठलं होतं. समुपदेशकांशी बोललेल्यांच्या गटात ते प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आत राहिलं. गावातल्याच कुणीतरी नीट शिकून घेतलं आणि वेळ दिला तर केवढा फरक पडतो, ते या आकड्यांत दिसतं.

खांद्याला खांदा लावून

कारखान्यात आयुष्य काढलेल्या पुरुषाला ‘मन मोकळं कर’ म्हटलं की तो गप्प होतो. हातात काम असेल तर मात्र बोलतो. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात हे ओळखून ‘मेन्स शेड’ सुरू झाल्या. गावातली एखादी शेड, त्यात लेथ, करवत, हत्यारं. निवृत्त माणसं तिथे जमतात, खुर्च्या दुरुस्त करतात, शाळेसाठी बाकं बनवतात. माणसं समोरासमोर बसून जे बोलत नाहीत ते शेजारी उभं राहून काम करताना बोलतात, हा त्यामागचा विचार. ही कल्पना पुढे ब्रिटन, आयर्लंडपर्यंत पसरली.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने आपली वाट शोधली ती शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने. ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा भरली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारीच्या गणवेशात, पाठीला दप्तर लावून, दुपारी दोन ते चार या वेळात बाराखडी गिरवू लागल्या. अंगठ्याच्या जागी सही आली. आज्यांचा अभ्यास नातवंडं घेऊ लागली. शेतातली आणि घरातली कामं उरकून ठरल्या वेळी, ठरल्या पोशाखात, मैत्रिणींबरोबर जायची एक जागा त्यांना मिळाली, आणि एखादी आली नाही तर तिची चौकशी होऊ लागली.

अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार इथल्या सुमन धामणे यांची गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचते. सत्तरीला आलेल्या या आजींनी २०२०मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे पाककृतींचं यूट्यूब चॅनल सुरू केलं. कॅमेरा, इंटरनेट सगळं नातवाचं. मसाल्याचा अंदाज आजींचा. घरात ज्याला कुणी ज्ञान म्हणत नव्हतं त्याला लाखो लोक विचारू लागले.

वालचंदनगरच्या पंचक्रोशीत तर याचा जुना, चालता-बोलता नमुना दर आषाढीला समोरून जातो. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. बेलवाडीला पहिलं गोल रिंगण होतं. अश्व धावतात, मग पताकावाले, तुळशीवाल्या बाया, विणेकरी आणि टाळकरी धावतात. त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले कितीतरी असतात. घरी जिना चढताना गुडघ्याची तक्रार करणारी माणसं इथे पळतात ती श्रद्धेच्या बळावर हे खरंच. शिवाय दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. काकड्यापासून समाजआरतीपर्यंत दिवसाला आकार असतो आणि रांगेतला माणूस दिसला नाही तर शेजारचा मागे वळून पाहतो. गावोगावची भजनी मंडळं आणि संध्याकाळचा हरिपाठ हेच काम वर्षभर करत असतात.

कान, डोळे आणि एसटी

सल्ला देण्याआधी काही साध्या अडथळ्यांकडे पाहायला हवं. वर्षानुवर्षं यंत्रांच्या गोंगाटात राहिलेल्यांचे कान कमकुवत होतात आणि आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. आवाज येतो, पण स, त, क यांसारखी व्यंजनं निसटतात आणि वाक्य कळत नाही. असा माणूस पारावरच्या गप्पांत दोनदा ‘काय?’ विचारतो, तिसऱ्यांदा नुसता हसतो, आणि मग जाणंच सोडतो. घरचे म्हणतात, माणूसघाणा झाला. कानाची तपासणी, गरज असेल तर श्रवणयंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनी कित्येकांचा ‘कंटाळा’ हलका होऊ शकतो.

रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि काही औषधं यांनीही मरगळ येते. आणि कधी तो कंटाळा नसतोच. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने २०१७-१८मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची मोठी पाहणी झाली. तिच्यात साठीपुढच्या सुमारे आठ टक्के लोकांत नैराश्याच्या आजाराची चिन्हं दिसली. निदान झालेले मात्र एक टक्काही नव्हते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, ‘माझा काय उपयोग’ किंवा ‘आता पुरे झालं’ अशी भाषा येत असेल, तर डॉक्टरांना गाठायला उशीर करू नये. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

बाहेर पडायचं तर वाहन हवं. ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. त्या सवलतीत बारामतीला जुन्या सोबत्याकडे जाता येतं. हिवाळ्यात भिगवणकडे, उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावला उतरणारे रोहित पाहायला मुंबई-पुण्याचे लोक पहाटे गाड्या काढून येतात. इंदापूर तालुक्यातल्याच ज्येष्ठांचा एखादा गट तिथे दर पंधरवड्याला पक्ष्यांची नोंद ठेवू लागला, तर ते पाहणं नुसती सहल राहणार नाही.

वालचंदनगरकडे तर याहून मोठं भांडवल आहे. अग्निबाणाच्या केसिंगचं वेल्डिंग, गिअरचे दाते, व्हर्निअरचं माप हातात मुरलेली माणसं या परिसरात कट्ट्यावर बसलेली आहेत. दुसरीकडे २०१६पासून देशभरातल्या हजारो शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या. तिथे हत्यारं असतात, पण ती धरायला शिकवणारा हात दर वेळी नसतो. ग्रामपंचायत, ज्येष्ठ नागरिक संघ आणि शाळा यांनी एकत्र बसून निवृत्त कारागिरांची नावं लिहून काढली, कुणाला काय येतं याची नोंद केली आणि वर्गाच्या वेळापत्रकात त्यांचं नाव घातलं, तर खर्च फारसा येणार नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोन दुपारी, दोन ते चार, एवढं पुरे. वेळापत्रकातल्या त्या तासाला मुलं तिथे हजर असतील, याची हमी तेवढी शाळेने द्यायची.