चित्रलिपीची संगणकीय दप्तरनोंद

प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा शांपोलियाँने १८२२ साली केला खरा. परंतु ती चिन्हे छापखान्यात खिळ्यांनी जुळविता यावीत, एवढी सोय सर्वमान्य रूपात लाभण्यास ॲलन गार्डिनरच्या १९२७ च्या व्याकरणाची वाट पाहावी लागली. नॉर्मन आणि नीना डेव्हिस या दांपत्याने थीबच्या थडग्यांतील अठराव्या राजवंशाच्या आकारांवरून त्या खिळ्यांची चित्रे रेखाटली, आणि गार्डिनरने पुरुष, स्त्रिया, देवता, पक्षी अशी वर्गवारी लावून प्रत्येक चिन्हास क्रमांक मुकर्रर केला. गिधाड ‘जी १’, घुबड ‘जी १७’. हीच फेहरिस्त पुढील सर्व संगणकीय नोंदींची आधारशिला ठरली.

तथापि चिन्हांची यादी म्हणजे लिपी नव्हे. प्टाह देवाचे नाव लिहिताना चौकोनी आसनाच्या खाली पावाचा अर्धगोल बसतो आणि त्या जोडीच्या शेजारी पिळलेल्या वातीचे उंच चिन्ह उभे राहते; हीच तीन चिन्हे एका ओळीत मांडली, तर उच्चार तोच राहील, पण लेखनिकाने साधलेली चौकट मोडून पडेल. १९८८ च्या ‘मॅन्युएल द कोदाज’ या संकेतपद्धतीने हे मर्म ओळखले होते: आडवी रेघ म्हणजे पुढील चिन्ह, अपूर्णविराम म्हणजे खाली, तारका म्हणजे बाजूला. अभ्यासकांनी तीवर वर्षानुवर्षे आपला व्यवहार चालविला, याचे श्रेय त्या साधेपणालाच द्यावे लागेल.

जगातील लिप्यांची सामायिक संगणकीय संकेतमाला असलेल्या युनिकोडने २००९ मध्ये १,०७१ चिन्हे दाखल करून घेतली, मात्र रचनेची तजवीज केली नाही. आपल्या देवनागरीत ‘क’ आणि ‘ष’ यांच्यामध्ये हलन्त घातला की टंक स्वतःच जोडाक्षर घडवितो. तशा जातीची, स्वतःला रूप नसलेली नऊ नियंत्रक चिन्हे इजिप्तच्या वाट्यास २०१९ साली आली. खाली, बाजूस, कोपऱ्यात, एकावर एक, असे स्थान ती सांगतात. माझ्या मते या साऱ्या प्रवासातील सर्वांत मोलाची भर तीच होय. २०२४ मध्ये एकाच वेळी स्वीकारलेल्या ३,९९५ चिन्हांहूनही मोलाची. टॉलेमी राजांच्या काळातील देवळांच्या भिंतींवर पुरोहितांनी चिन्हांचे अफाट वैविध्य निर्माण केले होते, म्हणून ती मोठी भरती अवश्य हवी होती. परंतु एस्ना वा एडफू येथील देवळांतील शिलालेख पडद्यावर मूळच्या चौकटींत उमटावयाचा, तर ती नऊ चिन्हे आणि २०२२ मध्ये त्यांना मिळालेली जोड पाळणारे टंक घडविणाऱ्यांच्या परिश्रमांवाचून ते व्हावयाचे नाही.