पाच आठवड्यांचा पाहुणा

"अहो, ते अमेरिकेचे कार्ड म्हणे तुम्ही परत केलेत? लोक त्यापायी देव पाण्यात घालून बसतात!"

पलूसच्या एस. टी. स्टँडवर एका सद्गृहस्थांनी मला हटकले, ते अशा सुरात, की जणू मी भरल्या घडांची बागच उपटून टाकली होती. गाडी सुटायच्या बेतात होती. उत्तर अर्धेच राहिले. उरलेले येथे देतो.

माझी एकुलती एक मुलगी अमेरिकेत असते. ती तेथली नागरिक झाली. एकवीस वर्षांवरील नागरिकाने आईबापांसाठी अर्ज केला, तर त्यांना भावंडांसारखे वर्षानुवर्षे रांगेत तिष्ठावे लागत नाही. तिने हौसेने आम्हा उभयतांना ग्रीन कार्डे मिळवून दिली. म्हणाली, "आप्पा, आता व्हिसाची कटकट मिटली. वाटेल तेव्हा या, वाटेल तेव्हा जा."

येथेच सारी गोम आहे. ग्रीन कार्ड म्हणजे येण्याजाण्याचा पास नव्हे. 'मी या देशात कायमचा राहतो' अशी ती कबुली आहे. आणि माझ्या घरी नव्वदीची आई, शिवाय दीड एकर द्राक्षे! ऑक्टोबरात फळछाटणी, मग तोडणी, एप्रिलात खरडछाटणी. मोकळे म्हणावेत तर पावसाळ्यातले पाच आठवडे.

दुसऱ्या खेपेला मी अकरा महिन्यांनी गेलो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कार्ड उलटसुलट पाहिले आणि विचारले, "आपण राहता कोठे?" मी सरळ सांगितले, "पलूस!" मागे उभी असलेली मराठी बाई हसली. अधिकारी हसला नाही. या खेपेला सोडतो, म्हणाला. पण कार्ड हवे असेल तर येथे राहायला हवे.

वर्षातून एकदा तोंड दाखवले की कार्ड शाबूत राहते, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो खोटा. सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिलात तर विचारपूस होते. वर्ष उलटले तर नुसत्या कार्डावर आत घेत नाहीत. पुनःप्रवेशाचा परवाना मिळतो, पण तो फार तर दोन वर्षांचा, आणि अर्ज तेथे हजर असतानाच करावा लागतो. शिवाय कार्डवाल्याने जगभरचे उत्पन्न तेथल्या करखात्याला कळवायचे. आपल्या सरकारने ज्या द्राक्षांवर प्राप्तिकर लावला नाही, त्यांचा हिशेब मी वॉशिंग्टनला देणार!

तशात आई पडली. तेव्हापासून आम्हा दोघांपैकी एकालाच जाता येते : एक वर्ष मी, एक वर्ष सौ. म्हणजे प्रत्येकाची गैरहजेरी वर्षाच्या वर. कार्ड परत करावे, असे मी ठरवले.

मुलीला हे फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्या अर्जाचे नावही वाईट : कायम वास्तव्याचा त्याग! "तुम्हाला माझ्याकडे राहायचंच नाही, असं लिहून देणार तुम्ही?" मला उत्तर सुचेना. दोन आठवडे फोन आला नाही. शेवटी सौ.नेच लावला. म्हणाली, "अगं, तू माहेरी येतेस तेव्हा काय इथल्या रेशनकार्डात नाव घालून येतेस?" ती हसली, मग रडली, आणि अर्ज भरायला तिनेच मदत केली.

मग मुंबईच्या वकिलातीत पाहुण्याचा व्हिसा. मुलाखत मराठीत देता येते, ही मोठी सोय. कायद्याने प्रत्येक अर्जदार मुळात तेथेच राहायला निघाला आहे असे धरतात. तसे नाही हे आपण पटवायचे. पूर्वी कार्ड होते हे मी लपवले नाही, परत केल्याची नक्कलच पुढे ठेवली. परत का येणार, या प्रश्नावर आई आणि बाग सांगितली. ज्या दोन गोष्टींनी कार्ड घालवले, त्यांनीच व्हिसा दिला.

व्हिसा दहा वर्षांचा, पण मुक्काम किती ते दर खेपेला विमानतळावर ठरते. बहुधा सहा महिने देतात. आजारपणाचा विमा मात्र न विसरता काढावा. आणि ज्यांना खरोखरच मुलांपाशी राहायचे आहे, त्यांनी माझे अनुकरण करू नये. त्यांच्यासाठी कार्डच योग्य. कॅनडाने आईबापांसाठी निराळा व्हिसा काढला आहे, त्यावर 2022 पासून एका खेपेला पाच वर्षे राहता येते. पण पाच वर्षे माझी बाग कोण छाटणार?

यंदा सौ.ची पाळी होती. पोहोचल्याच्या रात्री मुलीचा फोन आला, "आई पाच आठवडे म्हणते. मी सहा मागितलेत." इकडे आई रोज विचारी, सून कधी येणार?